दोष स्पीकरचा की मुद्रिकेचा?

बालगंधर्वांची किंवा अब्दुल करीमखांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकताना खरखर कानी आली, तर ती सुईची, तबकडीची अथवा यंत्राची आहे, गवयाची खचित नाही, एवढी खातरजमा श्रोत्याला क्षणार्धात करता येते. परंतु १९५० नंतरच्या दोन-अडीच दशकांत इंग्लंड आणि अमेरिका या देशांत जे रॉक संगीत निर्माण झाले, आणि ज्याला आता ‘क्लासिक’ हे बिरुद लागले आहे, त्याच्या श्रोत्याला ही सोय नाही. कारण या संगीताच्या कर्त्यांनी यंत्राचा बिघाड हाच आपल्या स्वरसामग्रीचा एक भाग मानून तो बिनदिक्कत वापरलेला आहे.

या प्रथेचा उगम अपघातात आहे. १९५१ साली मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ हे गाणे मुद्रित करण्यासाठी निघालेल्या संचातील विली किझार्ट या गिटारवादकाचा ॲम्प्लिफायर वाटेतच नादुरुस्त झाला. तेव्हा फिलिप्स यांनी त्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या शंकूत कागदाचे बोळे कोंबून वेळ निभावून नेली, आणि त्यातून निघालेला घोगरा, फुटका नाद त्यांना इतका पसंत पडला की तो तसाच कायम केला. पुढे १९५८ मध्ये लिंक रे याने ‘रंबल’ या शब्दविरहित रचनेसाठी ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. आणि १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’ संचातील डेव्ह डेव्हिस या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरचा कागदी शंकू दाढीच्या पात्याने चिरून ‘यू रिअली गॉट मी’ची ती सुप्रसिद्ध गुरगुर सिद्ध केली. जो शंकू फाटला म्हणून आपण स्पीकर दुरुस्तीस नेतो, तो फाडल्यावाचून ज्यांचे काम होत नव्हते अशा मंडळींचे हे संगीत आहे, हे ध्यानी ठेवूनच घरच्या स्पीकरविरुद्धची फिर्याद दाखल करून घ्यावी.

श्रोत्यास चकविणाऱ्या तबकड्या थोड्याथोडक्या नाहीत. बीटल्सची १९६३ ची ‘प्लीज प्लीज मी’ ही दोनच मार्गिकांच्या फितीवर मुद्रित झाल्यामुळे तिच्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्ये एका अंगास आणि गळे दुसऱ्या अंगास अशी रोखठोक वाटणी झालेली आहे. ती प्रथमच ऐकणारा गृहस्थ एक स्पीकर मुका झाला असे समजून तारा उपसू लागला, तर त्यास हसू नये. लेड झेपलिनच्या १९७० सालच्या तिसऱ्या तबकडीत ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ हे संथ गीत आहे, त्यात जॉन बॉनहॅमच्या ढोलाच्या पेडलची कुरकुर इतकी स्पष्ट उमटली आहे की स्पीकरच्या पेटीचा एखादा स्क्रू ढिला झाला असावा असा संशय बळावतो. त्याच संचाच्या ‘होल लोटा लव्ह’मध्ये रॉबर्ट प्लँटची हाक प्रत्यक्ष येण्यापूर्वी तिची एक पुसट छाया ऐकू येते; फितीवर राहून गेलेला तो आवाज काही केल्या मिटेना, तेव्हा संचाचा गिटारवादक जिमी पेज आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांनी त्यावर प्रतिध्वनी चढवून त्याला राजरोस प्रवेश दिला. माझ्या मते या सर्वांत सरस म्हणजे पिंक फ्लॉइडचे १९७५ चे ‘विश यू वेअर हिअर’. त्याच्या आरंभीची गिटार जणू शेजारच्या खोलीतील स्वस्त रेडिओवर वाजत असावी इतकी चिरकी व अशक्त ठेवलेली आहे, वरच्या स्वरांचा ट्विटर आणि खर्जाचा वूफर दोन्ही एकदम गेले की काय अशी धास्ती वाटू लागते, आणि मग त्या क्षीण सुरावटीस साथ देण्यासाठी दुसरी गिटार भरघोस, सर्वांगपरिपूर्ण नादाने खोलीत अवतरते. ज्या घरात या दोन गिटारींमधील अंतर स्पष्टपणे कळते, तेथील स्पीकरची प्रकृती ठणठणीत आहे असे खुशाल समजावे.

तथापि दरवेळी मुद्रिकेलाच दोष देऊन स्वस्थ बसणेही योग्य नव्हे. शहानिशेचा मार्ग जुना आणि बिनखर्चाचा आहे. समजा, उजवा स्पीकर फाटका बोलतो. तर सर्व यंत्रणा बंद करून ॲम्प्लिफायरच्या पाठीमागील डाव्या व उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी आणि तोच तुकडा पुन्हा लावावा. दोष डावीकडे सरकला तर स्पीकर निर्दोष, आणि कसूर ॲम्प्लिफायरची किंवा त्याच्याही मागे असलेल्या यंत्राची; दोष उजवीकडेच ठाण मांडून राहिला तर तो स्पीकर अथवा त्याची तार यांचा. पहिला निकाल लागल्यास हाच प्रयोग ॲम्प्लिफायरमध्ये शिरणाऱ्या तारांवर करावा, म्हणजे तबकडीयंत्र आणि ॲम्प्लिफायर यांतील अपराधी कोण याचाही उलगडा होतो. आवाजाचे बटण फिरवतानाच खरखर होत असेल, तर आत साचलेल्या धुळीचा व गंजाचा तो प्रताप असतो आणि कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने बहुधा निवळतो. शिवणयंत्राचे तेल मात्र तेथे कदापि घालू नये. अखंड घुमणारी, ५० हर्ट्‌झची खर्जातील घरघर ही बहुतेक वेळा अर्थिंगच्या तारेची तक्रार असते, आणि तबकडीयंत्राची ती बारीक तार जोडावयाची राहून गेल्याचे आढळून येते.

निकाल स्पीकरविरुद्ध लागला, तर मात्र त्याची रचना थोडी समजून घेणे अगत्याचे आहे. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जो आराखडा सिद्ध केला, तोच मुख्यत्वे आजही चालू आहे: चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे, त्याला जोडलेला शंकू, आणि शंकूला चौकटीशी बांधून ठेवणारी लवचीक कडा. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला, आणि कपाटाएवढ्या पेटीवाचून न मिळणारा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतून काढून दाखविला. या युक्तीसाठी शंकूची कडा अतिशय सैल लागते. ती पुढे अनेक उत्पादकांनी फोमची केली, आणि तेथेच आजच्या बहुसंख्य दुखण्यांचे मूळ आहे. फोम हा दमट हवेत आपसूक कुजतो, आणि मुंबई-गोव्याकडे तर त्याचे आयुष्य अधिकच अल्प असते. जाळी काढून कडेला बोट लावावे. ती चिकट लागली किंवा तिचा भुगा पडला तर निदान झाले. शंकू आणि वेटोळे शाबूत असल्यास केवळ कडा बदलून घेता येते, आणि हे काम करणारा कारागीर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर धुंडाळण्याचे श्रम अवश्य घ्यावेत. जुने टाकून नवे घेण्याचा सल्ला देणारा दुकानदार तुम्हांला त्याआधी भेटेलच.

शंकू सर्व बाजूंनी सारखा धरून बोटांनी अलगद दाबला असता आतून घासल्याचा आवाज आला, तर वेटोळे सरकलेले आहे. मीटर लावून पाहावयाचा असल्यास स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवावा; ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ओहम दाखवितो, आणि काटा जागचा हललाच नाही तर तार कोठेतरी तुटलेली आहे, मग ती वेटोळ्यातील असो वा केवळ डाख सुटलेली. ट्विटर जळण्याचे कारण पुष्कळदा लोकसमजुतीच्या उलट असते: दांडग्या ॲम्प्लिफायरपेक्षा, लग्नाच्या वरातीची हौस भागविण्यासाठी कुवतीबाहेर पिटाळलेला दुबळा ॲम्प्लिफायरच त्याचा बळी घेतो, कारण अशा वेळी स्वरांचे माथे छाटले जाऊन त्या छाटणीतून उपजलेली उच्च कंपने नेमकी ट्विटरवर लोटतात.

काही वेळा दोन्ही स्पीकर धडधाकट असूनही गाणे पोकळ वाटते, खर्ज नाहीसा होतो आणि गायक कोठे उभा आहे याचा पत्ता लागत नाही. याचे कारण एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या असतात आणि एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे हटतो. ही परीक्षा मोनो मुद्रिकेवर उत्तम होते, कारण तिच्यातील आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, जेथे कोणतेच यंत्र नाही तेथून यावयास हवा. बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ची मोनो आवृत्ती यासाठी घ्यावी, तीत त्या चौघांनी जातीने लक्ष घातले होते, स्टिरिओचे काम त्यांच्या गैरहजेरीत उरकण्यात आले.

एवढा बंदोबस्त झाल्यावर ऐकण्यास बसावे. दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करावा, ट्विटर कानाच्या उंचीवर ठेवावा, आणि पेट्या कोपऱ्यात ढकलू नयेत, नाहीतर खर्ज फुगतो. मग क्वीनची १९७५ ची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावावी. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीने आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःचेच आवाज फितीवर थरावर थर चढवून जो संगीतिकेचा मध्यभाग उभारला, त्यातील हाका-प्रतिहाका डावीकडून उजवीकडे फेकल्या जाताना एकेका थराचे स्थान उमगू लागते. त्यामागून लेड झेपलिनचे १९७१ चे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लावावे. हॅम्पशरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या दालनात बॉनहॅमचे ढोल खाली मांडून, ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी मायक्रोफोन जिन्यावर उंच टांगले होते. ढोलाच्या ठोक्यामागून त्या जिन्याची उंची ऐकू येईपर्यंत पेट्या चार बोटे पुढे-मागे सरकवीत राहावे, आणि ती ऐकू आली की जमिनीवर खडूने खुणा करून ठेवाव्यात, कारण दिवाळीच्या झाडलोटीत पेट्या हलविल्या जातात आणि त्या कोठे होत्या हे मग घरात कोणासही सांगता येत नाही.