वारशात आलेलं ठासणीचं पिस्तूल: मोल कशाचं?

अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगडाच्या आसपासच्या जुन्या घरांत माळ्यावरची पेटी उघडली की कधी कट्यार निघते, कधी ठासणीचं पिस्तूल. अलीकडे असं पिस्तूल वेगळ्या वाटेनंही वारसांपुढे येतं. अमेरिकेत राहिलेले काका किंवा मामा वारतात आणि त्यांच्या सामानात लाकडी दस्त्याचं, पितळी पट्ट्यांचं पिस्तूल सापडतं. दोन्ही घरांत पहिला प्रश्न एकच असतो: याचे किती लाख येतील?

त्याआधीचा दावा बहुधा असा असतो: ‘हे अडगावच्या लढाईतलं आहे.’ २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं भोसले आणि शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला. दोन-अडीच आठवड्यांनी गाविलगड पडला. त्यामुळे वऱ्हाडातल्या जुन्या हत्याराला ही लढाई चिकटणं समजण्यासारखं आहे. पण आधी घोड्याकडे पाहावं. त्याच्या जबड्यात चकमकीचा दगड धरायची सोय असेल आणि समोर रंजक ठेवायची वाटी असेल, तर निदान पद्धत त्या काळाशी जुळते. घोडा हातोडीसारखा असून नळीच्या मागच्या टोकाला स्फोटक टोपी बसवायची लहानशी बोंडी असेल, तर ती यंत्रणा अडगावात असणं शक्य नाही. तांब्याच्या टोप्या प्रचारात आल्या १८२०च्या दशकात. चकमकीची हत्यारं नंतर टोपीवर बदलून घेतली जात, हेही खरं, पण तसा बदल धातूवर खुणा सोडतो. जाणकाराला बुजवलेली जुनी भोकं आणि काढलेल्या वाटीची जागा दिसते.

‘कंपनी सरकारचा शिक्का आहे, म्हणजे अस्सल’ हाही भरवसा धरू नये. ईस्ट इंडिया कंपनीची बदामाच्या आकाराची खूण आणि नंतरचा सिंह, दोन्हींच्या नकला अमाप झाल्या. शिक्का ठोकणं सोपं असतं.

परदेशातून आलेल्या पिस्तुलाची गोष्ट निराळी. १९६०च्या दशकापासून अमेरिकेत काळ्या दारूच्या हत्यारांचा छंद वाढला आणि सुट्या भागांचे संच विकले जाऊ लागले. नळी आणि चाप-घोड्याची यंत्रणा कारखान्यात बनलेली, दस्ता ओबडधोबड. घेणाऱ्यानं लाकूड कानशीनं घासायचं, पॉलिश करायचं, पितळ चमकवायचं आणि सगळं जुळवायचं. इटलीतल्या पेडरसोलीसारख्या कारखान्यांचा माल यात होता. १९७१मध्ये निघालेल्या कनेक्टिकट व्हॅली आर्म्स या अमेरिकी कंपनीचे स्पेनमध्ये बनलेले भागही होते. असं पिस्तूल दोनशे वर्षांचं दिसतं, कारण ते तसं दिसावं म्हणूनच केलेलं असतं. नळी सगळ्या बाजूंनी पाहावी. तिथे बहुधा देशाचं नाव, चाचणीचे शिक्के आणि ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ अशी इंग्रजी ताकीद सापडते. ही ताकीदच वय सांगते. १८८०च्या दशकात बिनधुराची दारू आली, त्याआधी काळ्या दारूवाचून दुसरी जवळपास नव्हतीच, मग ताकीद कोण कशाला कोरेल?

अशा पिस्तुलाला संग्राहक फारसे विचारत नाहीत. नवा संच आजही काही शे डॉलरांत मिळतो, आणि हौशी हातानं जोडलेल्याला कोऱ्या मालाएवढा भावही सहसा येत नाही. भाव ठरतो तो कारागिरीवर: लाकूड आणि धातू यांच्यात फट राहिली का, कडा गोलसर झाल्या का, स्क्रूंची डोकी खरवडली का. पण मामांनी हिवाळ्यातल्या संध्याकाळी बसून तो दस्ता घासला असेल, तर भाचरांना त्याचं मोल असणारच. माझ्या मते ते मोल खरं आहे. फक्त ते विम्याच्या किंवा वाटणीच्या कागदावर मांडायला जाऊ नये.

खरोखर जुन्या हत्याराचं मात्र घासूनच नुकसान होतं. लिंबू, चिंच, रेजमाल काही लावू नये. काळपट थर गेला की पुसट खुणाही जातात आणि किंमतही.

सर्वांत घातक समज: ‘ठासणीच्या हत्याराला परवाना लागत नाही.’ लागतो. रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक हवी, तर तिच्या परवान्याची तरतूद १९५९च्या शस्त्र कायद्यातच आहे. त्याच कायद्याच्या कलम ४५मध्ये जुन्या बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही चालू शकणार नाहीत अशांनाच. सुट्या भागांतून जोडलेलं, चालणारं पिस्तूल त्यात बसत नाही. ‘अमेरिकेत लागत नाही’ हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८पर्यंतची हत्यारं आणि ठासणीच्या प्रतिकृती वेगळ्या धरल्या जातात, पण भारतात आणायला आयातीचा परवाना हवा. सामानात घालून विमानात बसणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं. विनापरवाना हत्यार बाळगल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. त्याच दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडची हत्यारं दोनवर आणली, आणि वारशानं आलेलंही त्यातच मोजलं जातं.

‘आजोबांचा परवाना होता, तो आता माझा’ हेही चूक. परवाना माणसाचा असतो. वारसाला स्वतः अर्ज करावा लागतो: अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे, अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे. तोवर हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. आणि नेण्याआधी ते रिकामं आहे असं गृहीत धरू नये. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेटते. चाप दाबून पाहू नये, नळीत डोकावू नये, ठाण्यात आधी फोन करून तिथूनच जाणकार माणूस बोलवावा.