पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन घरी नेताना: काय जपायचे, कशाला घाबरायचे

केमोथेरपीचा दिवस संपतो, डिस्चार्ज कार्ड हातात येते आणि नर्स एक छोटा खोका देते. "हे उद्या संध्याकाळनंतर द्यायचं. थंड ठेवा." मुंबईत राहणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही. पण खोडाळ्याच्या किंवा आसपासच्या पाड्यांवरच्या कुटुंबाला तो खोका घेऊन दादरहून कसारा लोकल पकडायची असते, कसाऱ्याला उतरून जीप किंवा एसटी शोधायची असते आणि घरी पोचल्यावर वीज असेलच असे नसते. मी खोडाळ्यात जनरल प्रॅक्टिस करतो. हा खोका माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्याच्या प्रवासाची हकीकत मी आधी विचारतो, रुग्णाची त्यानंतर.

हे इंजेक्शन म्हणजे फिलग्रास्टिम किंवा त्याचा जास्त दिवस टिकणारा प्रकार, पेगफिलग्रास्टिम. दुकानात ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळते, त्यामुळे खोक्यावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेले औषधाचे नाव वाचा. फिलग्रास्टिम साधारणपणे रोज एक याप्रमाणे काही दिवस देतात. पेगफिलग्रास्टिम केमोच्या एका फेरीला एकदाच देतात. दोन्ही एकच समजून घोटाळा होतो. एकाच्या जागी दुसरे घेऊ नका.

हे काय करते

केमोची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, आणि हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्ताच्या पेशीही तशाच. त्यामुळे केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. जंतूंशी पहिली झुंज याच पेशी देतात. आपल्या शरीरात मगजाला 'न्यूट्रोफिल बनवा' असा निरोप देणारे एक प्रथिन असते. हे इंजेक्शन म्हणजे तेच प्रथिन, प्रयोगशाळेत बनवलेले. त्याने पेशी खाली जाण्याचे दिवस कमी होतात. ते मुळीच खाली जाऊ देत नाही, असे मात्र नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे डेंग्यू झाला की लोक म्हणतात, "पांढऱ्या पेशी कमी झाल्या." तेव्हा बहुतेक वेळा त्यांना प्लेटलेट म्हणायचे असते. प्लेटलेट वेगळ्या. त्या रक्त गोठवतात आणि या इंजेक्शनाने वाढत नाहीत. कुणाच्या घरी उरलेले इंजेक्शन डेंग्यूच्या रुग्णाला द्यायचा प्रश्नच येत नाही. ही ताकदीची सुईही नाही. केमोनंतरचा अशक्तपणा याने जात नाही.

चोवीस तासांचा नियम

केमो संपल्यावर २४ तास पूर्ण होण्याआधी हे इंजेक्शन द्यायचे नाही. कारण सरळ आहे: इंजेक्शनाने मगजातल्या पेशी भराभर वाढू लागतात, आणि केमोचे औषध अजून रक्तात असेल तर ते नेमक्या त्याच पेशींना मारते. पुढच्या केमोच्या आधीचे २४ तासही रोजचे इंजेक्शन टाळतात. पेगफिलग्रास्टिम जास्त दिवस टिकते म्हणून पुढच्या केमोपूर्वी साधारण १४ दिवसांचे अंतर ठेवतात.

म्हणून केमो किती वाजता संपली ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. फक्त तारीख पुरत नाही. आणि शक्य असेल तर एक दिवस तिथेच थांबा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे सोय होत असेल तर दुसऱ्या दिवशी इंजेक्शन तिथेच घेऊन मग गाडीत बसणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. पेगफिलग्रास्टिमच्या बाबतीत तर एवढ्यावर काम होते आणि पुढचा अर्धा लेख तुम्हाला लागतच नाही.

रोजचे इंजेक्शन असेल तर आणखी एक गोष्ट. पहिल्या एक-दोन दिवसांत रिपोर्टमध्ये पेशी एकदम वाढलेल्या दिसू शकतात. ही वाढ मगजात साठवलेल्या पेशी बाहेर आल्याने होते. खरा उतार त्यानंतर येतो. तो आकडा पाहून "आता पेशी भरल्या" म्हणत इंजेक्शन बंद करू नका. कधी थांबवायचे ते कर्करोगतज्ज्ञ सांगतील. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, फोन करून विचारा.

खोडाळ्यापर्यंत थंड कसे आणायचे

या औषधाला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. ते गोठले तरी बिघडते आणि तापले तरी. एक मुलगा आईचे इंजेक्शन बर्फाच्या पिशवीत थेट बर्फात खुपसून घेऊन आला होता. त्याने काळजी घेतली होती, पैसे उसने घेतले होते, आणि सिरिंजमधले औषध गोठून गेले होते. ते टाकून द्यावे लागले. त्याला ते सांगताना मला फार जड गेले.

थर्मोकोलचा डबा घ्या. तळाशी आइस पॅक, त्यावर घडी केलेला टॉवेल आणि त्यावर इंजेक्शन, मूळ खोक्यातच. खोका प्रकाशापासूनही वाचवतो. बर्फाचा थेट स्पर्श नको. डबा उन्हात किंवा जीपच्या इंजिनाजवळ ठेवू नका. बहुतेक कंपन्यांची इंजेक्शने फ्रिजबाहेर काही काळ चालतात, पण तो काळ कंपनीप्रमाणे बदलतो. काहींचा २४ तास, काहींचा ७२ तासांपर्यंत. तोही साध्या तापमानात, एप्रिल-मेमधल्या गाडीच्या टपावर नव्हे. आत घडी घातलेल्या कागदावर ते लिहिलेले असते. निघण्याआधी औषध दुकानदाराकडून वाचून घ्या आणि खोक्यावर पेनाने वेळ लिहून ठेवा.

घरी फ्रिज असेल तर मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटवून तर नाहीच. वीज गेली तर दार उघडू नका. इन्सुलिन माठाच्या गारव्यात ठेवता येते हे खरे आहे, पण माठ ८ अंशांपर्यंत थंड होत नाही. तो उपाय इथे चालणार नाही. फ्रिज नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लसींच्या फ्रिजमध्ये लसींशिवाय काही ठेवायचे नाही असा नियम आहे, त्यामुळे तिथून नकार आला तर रागावू नका. दुसरा साधा फ्रिज आहे का ते विचारा. आणि दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाणार असेल तर हे केमोच्या डॉक्टरांना आधीच सांगा. ते रोजच्या इंजेक्शनाऐवजी एकदाच घ्यायचे इंजेक्शन निवडू शकतात.

देताना

पहिले इंजेक्शन नर्सकडून किंवा डॉक्टरांकडूनच घ्या. पुढची घरी द्यायची असतील तर त्यांच्यासमोर एकदा स्वतः देऊन दाखवा. अर्धा तास आधी बाहेर काढा. चुलीजवळ किंवा गरम पाण्यात धरून कोमट करू नका, हलवून खळखळवू नका. औषध पाण्यासारखे स्वच्छ दिसायला हवे. गढूळ असेल, कण दिसले तर देऊ नका. हात साबणाने धुवा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे सांगायला मलाच संकोच वाटतो, पण या एका कामासाठी तांब्याभर स्वच्छ पाणी बाजूला ठेवाच.

सुई कातडीखाली द्यायची, स्नायूत नाही. पोटावर बेंबीपासून चार बोटे सोडून किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला. रोज जागा बदला. कातडी चिमटीत धरा, औषध हळू सोडा, नंतर चोळू नका. सिरिंज एकदाच वापरायची. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची भरलेली सिरिंज अंदाजाने अर्धी देणे धोक्याचे आहे. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि तो डबा आरोग्य केंद्रात द्या. शेतात, बांधावर टाकलेली सुई अनवाणी पायात जाते.

सिकल सेल आहे का, ते आधी सांगा

हा मुद्दा मोठ्या शहरातल्या माहितीपत्रकात शेवटी एका ओळीत येतो. आपल्या भागात तो वर यायला हवा. सिकल सेल महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत आढळतो, आणि या इंजेक्शनाने सिकल सेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. तो कधी कधी जिवावर बेततो. तुमच्याकडे किंवा घरात कुणाकडे सिकल सेलचे कार्ड असेल, तुम्ही फक्त वाहक असाल तरीही, पहिल्या इंजेक्शनाआधी डॉक्टरांना दाखवा. तपासणी झालीच नसेल तर ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. केमो सुरू होण्याआधी करून घ्या.

दुखणे: कोणते साधे, कोणते नाही

कंबर, मांड्या, छातीचे हाड दुखणे हा सर्वांत जास्त दिसणारा त्रास. मगज जोराने काम करत असल्याची ती खूण आहे आणि काही दिवसांत थांबते. पॅरासिटामॉल चालते, पण गोळी घेण्याआधी ताप मोजा, कारण गोळीने ताप झाकला जातो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका. केमोनंतर प्लेटलेट कमी असू शकतात आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. त्याच कारणाने "कमरेत एक सुई मारा" असा आग्रह कुठल्याही डॉक्टरकडे धरू नका.

डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला जोरात दुखले, तर ते पाणथरीचे दुखणे असू शकते. पाणथरी सुजून फुटल्याची उदाहरणे आहेत, क्वचित पण खरी. धाप लागणे, अंगभर पित्त उठणे, तोंड सुजणे, अंगावर एकदम सूज येऊन लघवी कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

ताप आला तर

इंजेक्शन घेतले आहे म्हणून ताप येणार नाही, असे समजून काही जण दोन दिवस घरी काढतात. पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत पसरतो. पू होत नाही, सूज दिसत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशीच नसतात. ताप हीच एकमेव खूण असते. वयस्कर माणसाला तर तापाऐवजी नुसती थंडी वाजते किंवा ग्लानी येते.

घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आले की निघा. १०८ ला फोन करा, किंवा गावातली जी गाडी आधी मिळेल ती घ्या. खोडाळ्याचे आरोग्य केंद्र, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे कुटीर रुग्णालय, जे जवळ असेल तिथे. पोचल्यावर पहिले वाक्य हे बोला: "केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, आता ताप आहे." हे ऐकल्यावर डॉक्टर शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस लवकर देतील, आणि मग नाशिकला किंवा मुंबईला पाठवतील. तो पहिला डोस नाशिकला पोचल्यावर घेण्यापेक्षा इथेच मिळणे महत्त्वाचे.

रक्ताचा रिपोर्ट हातात असेल तर एक हिशेब स्वतःही करता येतो. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणा आणि १०० ने भागा. पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर उत्तर ३६०. ५०० च्या खाली आकडा म्हणजे धोका मोठा. हा आकडा, केमोची तारीख, इंजेक्शनाचे नाव आणि कर्करोग विभागाचा फोन नंबर एका कागदावर लिहून थर्मामीटरसोबत ठेवा. घरातल्या वाचता येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तो कागद कुठे आहे ते दाखवून ठेवा, आणि रात्री गाडी कुणाची मिळेल ते आजच विचारून ठेवा.