साहेबांचा पेला आणि कनिष्ठांची चव

नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवारी-रविवारी ज्या आरामगाड्या दिसतात, त्या सगळ्याच हौशी पर्यटकांच्या असतात असे नाही. मुंबई-पुण्याच्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना आता द्राक्षमळ्यांवर नेऊ लागल्या आहेत. या उपक्रमाला ‘संघबांधणी’ असे भारदस्त नाव आहे. मळ्यातून एक फेरी, पोलादी टाक्यांचे दर्शन, मग लांब मेजाभोवती बसून पाच-सहा प्रकारच्या वाइनचा आस्वाद, त्यावर गुण देण्याची एखादी स्पर्धा आणि शेवटी जेवण असा कार्यक्रमाचा साधारण क्रम असतो. कधी कर्मचाऱ्यांच्या जागी मोठे ग्राहक असतात. तेव्हा त्याच कार्यक्रमाला ‘आदरातिथ्य’ म्हणतात. परदेशात, विशेषतः लंडन-न्यूयॉर्कच्या व्यापारी जगात, ही प्रथा जुनी आहे. आपल्याकडे ती रुजण्यास जे कारण घडले ते मात्र पुष्कळसे महाराष्ट्राचे स्वतःचे आहे.

१९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली, तेव्हा तो एक विक्षिप्त धाडसाचा प्रकार वाटला होता. पुढच्या दशकात राजीव सामंत नाशिकला आले. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखून वाइनला करसवलती दिल्या, २००५ साली सामंतांच्या ‘सुला’ने मळ्यातच आस्वादकक्ष उघडला, आणि २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. अवकाळी पाऊस, गारपीट आणि निर्यातीतील चढउतार यांनी हैराण झालेल्या द्राक्ष बागायतदाराला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, ही गोष्ट तुच्छ लेखण्यासारखी नाही. तेव्हा ‘दारू ती दारू’ असे म्हणून हा विषय झटकून टाकणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. प्रस्तुत लेखकाला वाइनच्या आस्वादाबद्दल तक्रार करायची नाही. तक्रार आहे ती, हा आस्वाद नोकरीच्या दावणीला बांधला जातो तेव्हा त्याचे जे होते त्याबद्दल.

वस्तुतः वाइनचा आस्वाद घेणे आणि वाइन पिणे या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. जाणकार मनुष्य पेला आधी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहतो. मग पेला फिरवून दरवळ मोकळा करतो आणि नाकाने वास घेतो. चवीचा बराचसा भाग जिभेपेक्षा नाकच ओळखत असते. त्यानंतर एक लहानसा घोट तोंडात घोळवून आंबटपणा, तुरटपणा, गोडी यांचा अंदाज घेतो आणि तो घोट थुंकून टाकतो. हो, थुंकून टाकतो. त्यासाठी मेजावर भांडे ठेवलेले असते. पानसुपारीच्या मैफली पाहिलेल्या मराठी माणसाला पिकदाणीचे नवल वाटायचे कारण नाही; पण कंपन्यांच्या सहलींत या भांड्याचा उपयोग बहुधा सजावटीपुरताच होतो. परीक्षकाला दिवसभरात कित्येक वाइन तपासायच्या असतात आणि डोके ताळ्यावर ठेवायचे असते, म्हणून तो थुंकतो. सहलीला आलेल्या मंडळींना डोके ताळ्यावर ठेवण्याची गरज नसते, किंबहुना ते थोडेसे सुटावे हाच आयोजकांचा हेतू असतो.

या कलेचा सर्वांत उमदा गुण म्हणजे ती नावाला भुलत नाही, निदान भुलू नये असा तिचा नियम आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने एक चाचणी भरवली. नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्सच्या नामांकित आणि कॅलिफोर्नियाच्या तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या वाइन, बाटलीवरचे नाव दिसणार नाही अशा रीतीने, मांडण्यात आल्या. गुणांची बेरीज झाली तेव्हा लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही प्रकारांत कॅलिफोर्निया पहिली आली. आपणच दिलेले गुण पाहून परीक्षक अस्वस्थ झाले आणि एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली, असे सांगतात. नाव झाकले की प्रतिष्ठेचे ओझे उतरते आणि जीभ खरे बोलू लागते, असा या चाचणीचा अर्थ.

परंतु जीभ किती सहज फसते याचाही पुरावा त्याच फ्रान्सने दिला आहे. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती त्यांना देण्यात आली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केले. डोळ्यांनी जे सांगितले तेच नाकाला जाणवले! ज्यांचा तो अभ्यासाचा विषय होता त्यांची ही गत. मग हिशेब खात्यातून किंवा विक्री विभागातून शनिवारची सुट्टी सोडून आलेल्या माणसाची काय कथा?

आता हे मेज कंपनीच्या सहलीत कल्पून पाहा. बाटलीवर कागद गुंडाळून नाव झाकता येते. मेजाच्या अग्रभागी बसलेल्या साहेबांवर कागद कसा गुंडाळणार? साहेबांनी पेला नाकाशी नेऊन ‘पेरूचा वास येतोय’ असे म्हटले की पुढच्या पाच मिनिटांत डझनभर माणसांना पेरूचा वास येऊ लागतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळांना तो खरोखरच येत असेल. बोर्दोच्या विद्यार्थ्यांना नाही का आला? ज्या खेळाचे मर्म स्वतंत्र निर्णयात आहे, तो खेळ जिथे निर्णयाचे स्वातंत्र्य पगारपत्रकाशी जोडलेले आहे अशा मंडळींना खेळायला लावायचा आणि त्यातून ‘मोकळेपणा’ निर्माण होईल अशी अपेक्षा धरायची, हा मला तरी मोठा विनोद वाटतो.

विनोद इथवर ठीक आहे. पण मेजावर अशी एक-दोन माणसे असतात की ज्यांना त्याचे हसू येत नाही. एखाद्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते. एखाद्याच्या धर्माला मद्य निषिद्ध असते. एखादी गर्भवती असते आणि तिने ती बातमी कार्यालयात अजून कोणाला सांगितलेली नसते. एखादा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतो. एखाद्याने वडिलांच्या व्यसनापायी घराची झालेली धूळधाण पाहिलेली असते. आणि एखादा तर स्वतःच मोठ्या कष्टाने त्यातून बाहेर आलेला असतो. ‘नको’ एवढा एकच शब्द त्यांना उच्चारायचा असतो. पण त्या शब्दापाठोपाठ ‘का हो?’ येतेच, आणि त्याचे उत्तर म्हणजे आपल्या खाजगी आयुष्याचा एक तुकडा सहकाऱ्यांच्या हाती देणे. आयोजक म्हणतात, कोणावर सक्ती नसते. खरे आहे. पण वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘संघभावना’ नावाचा रकाना असतो आणि तो भरणारा मनुष्य त्याच मेजावर बसलेला असतो. त्या परिस्थितीत ‘सक्ती नाही’ या शब्दांचे वजन किती धरायचे ते कोणत्याही अनुभवी कारकुनाला सांगावे लागणार नाही.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा तळीराम जबरदस्ती करीत नाही. तो सहानुभूती दाखवतो, सोबत देतो. त्याच्या ‘आर्यमदिरामंडळा’त तर माणसांचे सारे भेद विरघळून गेलेले असतात. संघबांधणी म्हणतात ती यापेक्षा काय निराळी असते? अर्थात आजच्या आयोजकांना तळीराम म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना कोणाचा सुधाकर करायचा नसतो, ते बिचारे एक वार्षिक कार्यक्रम उरकीत असतात.

या प्रश्नाचा निकाल एका न्यायालयात लागलेला आहे आणि तोही वाइनच्या माहेरघरी, हे विशेष. फ्रान्सचा कामगार कायदा कामाच्या जागी मद्य आणण्यास मनाई करतो. पण वाइन, बिअर आणि सफरचंदाचे व नासपतीचे आसव यांना त्यातून वगळतो. अशा उदार देशात पॅरिसच्या एका सल्लागार कंपनीने २०१५ साली आपल्या एका वरिष्ठ कर्मचाऱ्याला काढून टाकले. त्याच्यावरील ठपक्यांत, कंपनीच्या ‘मौजमजे’च्या संस्कृतीत तो सामील होत नाही, हाही एक होता. आठवड्याच्या अखेरीस होणाऱ्या पेयपानाच्या बैठका आणि त्यांत मालकांच्या उत्तेजनाने होणारे अतिरेकी मद्यपान त्याला मान्य नव्हते. प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेले आणि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशा गोष्टींत भाग न घेणे हा त्या माणसाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्या कारणाने केलेली बडतर्फी रद्दबातल ठरते. गंमत न करण्याचाही माणसाला हक्क असतो, हे सांगण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि सात वर्षे गेली.

ग्राहकांच्या आदरातिथ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे पाहुणा यजमानाचा नोकर नसतो. उलट यजमानच त्याच्यापुढे वाकलेला असतो. आपल्या वाचकांपैकी जे सरकारी कचेऱ्यांत काम करतात त्यांना १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम परिचित असतील. प्रसंगोपात्त जेवण किंवा वाटेत दिलेली गाडी ही भेटवस्तू ठरत नाही, इतपत व्यवहार ते नियम जाणतात. पण ज्याच्याशी आपला कार्यालयीन संबंध आहे अशा व्यापारी संस्थेचे उंची किंवा वारंवार होणारे आदरातिथ्य टाळावे, असेही सांगतात. सार्वजनिक ठिकाणी मद्यपान न करण्याचे बंधन तर आहेच. हे नियम जुनाट म्हणून हसण्यावारी नेले जातात. तथापि त्यांमागील माणसाच्या स्वभावाचे ज्ञान पक्के आहे. कंत्राटाचा कागद समोर ठेवून कोणी पैसे देऊ केले तर प्रामाणिक मनुष्य सावध होतो. मळ्यातली संध्याकाळ, उत्तम जेवण आणि ‘साहेब, ही बाटली घरी घेऊन जा’ हा आग्रह यांनी तो सावध होत नाही, फक्त उपकृत होतो.

एक हिशेब मात्र मांडल्यावाचून राहवत नाही, कारण शिक्षक मंडळी तो फळ्यावर करून पाहू शकतील. आस्वादासाठी एका वेळी ५० मिलिलिटर वाइन ओतली असे धरू. पाच प्रकार म्हणजे २५० मिलिलिटर. वाइनमध्ये मद्यार्क साधारण १२ ते १३ टक्के. म्हणजे पोटात सुमारे २५ ग्रॅम मद्यार्क गेला. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात तासाभराने १०० मिलिलिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क सापडेल. त्याच वजनाच्या स्त्रीच्या रक्तात त्याहूनही अधिक. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. ‘आम्ही काही प्यायलो नाही, नुसती चव घेतली’ असे म्हणत जो गृहस्थ स्वतःची गाडी घेऊन कसारा घाट उतरायला निघतो, तो कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार आणि समोरून येणाऱ्याच्या दृष्टीने धोका असतो. शिवाय या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा अशी त्याची अपेक्षा आहे, हे मेजाभोवतीच्या किती जणांना ठाऊक असते? २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा राज्यभर वादळ उठले. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे विधान तेव्हा पुष्कळ ऐकू आले. यकृताला हा भेद कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच मद्यपेये कर्करोगकारक ठरवली, ती वाइन-व्हिस्की असा पंक्तिप्रपंच न करता.

एवढे असूनही कंपन्या नाशिकला जायच्या थांबणार नाहीत आणि त्या थांबाव्यात असेही मी म्हणत नाही. द्राक्षापासून वाइन कशी होते, दोन शेजारच्या मळ्यांतील फळाला वेगळी चव का येते, हे समजून घेणे हे कोणत्याही सुशिक्षित माणसाला आनंद देणारे आहे. मात्र मग ते ज्ञान म्हणूनच घ्यावे. सहल कामाच्या दिवशी काढावी, म्हणजे सुट्टीवर घाला पडणार नाही. कोण आले आणि कोण आले नाही याची नोंद कुठल्याही तक्त्यात जाऊ नये. द्राक्षाचा रस त्याच पेल्यांतून, त्याच मेजावर, कोणी न मागता ठेवावा, म्हणजे ‘का हो?’ हा प्रश्नच उद्भवणार नाही. थुंकण्याचे भांडे फुलदाणीसारखे मध्ये न ठेवता प्रत्येकाच्या हाताशी द्यावे आणि वापरायची सुरुवात साहेबांनी करावी. गुण आधी कागदावर, नाव न घालता, लिहून घ्यावेत. साहेबांनी आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. आणि येताना-जाताना गाडी कंपनीची असावी, तिच्या चालकाच्या जेवणाची व्यवस्था वेगळ्या खोलीत नव्हे तर त्याच पंगतीत असावी.