डायलिसिस थांबविताना

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. वार्धक्य व अन्य असाध्य व्याधी जडल्यास कधी हा उपचारच यातना ठरतो. अशा वेळी ‘आता पुरे’ म्हणणे म्हणजे आत्महत्या नव्हे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी २०११ साली सुरू झालेला विचार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कापर्यंत नेला. २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्याचाच शब्द प्रमाण. तो नसेल, तर कुटुंबीयांची संमती व दोन वैद्यकीय मंडळांचे मत आवश्यक असते.

डायलिसिस थांबल्यावर मृत्यू बहुधा काही दिवसांतच येतो. त्या दिवसांत धाप, मळमळ व वेदना शमविणे हे आमचे कर्तव्यच होय. उपचार थांबतो, शुश्रूषा नव्हे.

मात्र जेऊर परिसरातील एखादे वडीलधारे माणूस केवळ मुलांवर खर्चाचा भार नको म्हणून ‘पुरे’ म्हणत असेल, तर तो निर्णय नव्हे, अगतिकता होय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. प्रवास व औषधांचा उरलेला भार दात्यांच्या साहाय्याने हलका होतो. त्यानंतर उच्चारलेला नकारच आम्ही खरा मानतो.