गिरणाकाठच्या आडवाटा आणि सायकल मिस्त्र्याची रोजी

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी मी दुकानाचे शटर वर करीत होतो, तेवढ्यात सहा सायकलस्वार समोर येऊन थांबले. डोक्यावर हेल्मेट, अंगात रंगीबेरंगी तंग कपडे, आणि सायकलींचे टायर असे गाठीगाठीचे की ट्रॅक्टरच्या टायरांची पिल्ले वाटावीत. एकाने विचारले, "चाचा, इथे सायकलवाला कुठे मिळेल?" मंडळी नाशिकची होती. मेहुणबारे, जामदा, बहाळ अशी डांबरी रस्ता टाळून गिरणेच्या काठाकाठाने आणि पाटाच्या कडेने आली होती. एकाच्या सायकलीची मागची गिअरची दांडी दगडावर आपटून वाकली होती.

मी त्यांना आमच्या मिस्त्रीभाईंकडे नेले. मिस्त्रीभाईंनी अशी सायकल हातात धरलेली नव्हती, पण लोखंड कुठे वाकले आहे हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. पान्याने हळूहळू दाबून, चाक फिरवून, डोळ्याने माप घेत त्यांनी दांडी सरळ केली. मजुरी पन्नास रुपये. दुसऱ्या एका सायकलीचा ब्रेक मात्र तेलाचा होता, त्याची नळी गळत होती. तिथे त्यांनी हात वर केले. ना सामान, ना माहिती. निघताना त्या मुलाने सायकलीची किंमत सांगितली, पंच्याऐंशी हजार रुपये. मंडळी गेल्यावर मिस्त्रीभाई मला म्हणाले, "शेठ, एवढ्यात माझी टपरी, टपरीतले सामान आणि मी, तिघेही विकले जाऊ."

हसण्यावारी नेली तरी ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. व्यापारी बंधूंनो, या पानावर आपण कापूस, सूत, जीएसटी, उधारी यांबद्दल वाचतो. आज मी सायकलीच्या आडवाटांबद्दल लिहितो आहे, तेही धंदा म्हणूनच.

या वाटा आपल्याला नव्या नाहीत. माझे मरहूम वालिद मालेगावहून लुगडी, लुंग्या आणि मांजरपाट आणीत आणि सायकलीच्या कॅरिअरवर गठडी बांधून गिरणाकाठच्या खेड्यांत फेरी करीत. मालेगाव मोसम नदीवर, मोसम गिरणेला मिळते, आणि तीच गिरणा पुढे आमच्या भडगावला येते. त्यामुळे वालिद गमतीने म्हणत की आपला माल आणि आपले पाणी एकाच गावाहून येते. तेव्हा खेड्यांना पक्क्या सडका थोड्याच होत्या. बैलगाडीची चाकोरी, नदीकाठच्या खोऱ्यांतून चढणारी पायवाट, नाहीतर पाटाची भर, हाच रस्ता. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून मृगाचा पाऊस लागला की वालिद दोन्ही मडगार्ड काढून ठेवीत. बाभळीच्या काट्यावर त्यांचा इलाज होता जुन्या टायरची पट्टी, ती ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसवायची. आज नाशिकच्या त्या सायकलींना मडगार्ड नव्हते आणि टायरमध्ये काट्याचे भोक आपोआप बुजवणारा चीक भरलेला होता. मुद्दा तोच, फक्त किंमत वेगळी.

या सायकलींचा जन्म मोठ्या कारखान्यात झालेला नाही, हे आपल्या कारागीर बांधवांना मुद्दाम सांगावेसे वाटते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या मरीन परगण्यात काही तरुण भंगारातल्या १९३०-४० च्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून उतरत. उतरताना मागच्या चाकाच्या पेडल-ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या उताराला 'रीपॅक' हे नाव पडले. तिथे १९७६ पासून शर्यती झाल्या. जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर ही त्यातली माणसे. हातात पाना आणि वेल्डिंगची बत्ती घेऊन त्यांनी आपल्या गरजेपुरती सायकल घडवली. १९७९ साली फिशर आणि चार्ली केली यांनी छोटी कंपनी काढली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टंपजंपर' ही सायकल मोठ्या संख्येने बाजारात आणली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. वीस वर्षांत मिस्त्रीच्या टपरीपासून ऑलिंपिकपर्यंत. आपल्याकडे त्या लाटेचे पाणी जाड टायरच्या 'रेंजर' सायकलीच्या रूपाने पोहोचले, आणि आजही आमच्या भागात कोणत्याही जाड टायरच्या सायकलीला रेंजरच म्हणतात.

पण आपल्याकडचा बाजार दोन टोकांना गेला. साधी काळी सायकल मोटारसायकलने खाल्ली. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला. दुसऱ्या टोकाला महाग सायकल वाढली, म्हणूनच हीरो सायकल्सने २०१५ मध्ये फायरफॉक्स विकत घेतली. नाशिकमध्ये तर सायकलीचे वेडच आहे. तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून डॉक्टर, वकील, व्यापारी सगळेच सायकलवर दिसू लागले. मधला मिस्त्री मात्र कोणत्याच टोकाला नाही. साध्या सायकली कमी झाल्या म्हणून त्याचे गिऱ्हाईक गेले, आणि महाग सायकल त्याला दुरुस्त करता येत नाही म्हणून ती त्याच्याकडे येत नाही. केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या अठरा धंद्यांत शिंपी आहे, कुलूपवाला आहे, सायकल मिस्त्री नाही.

आता वाटांचे सांगतो. आमच्या बाजूला तीन प्रकारच्या वाटा आहेत. पाटाच्या कडेची वाट सपाट, झाडांच्या सावलीची, नवशिक्यांना बरी. ती पाटबंधारे खात्याची आहे हे ध्यानात ठेवावे. नदीकाठची वाट सर्वांत सुंदर आणि सर्वांत बेभरवशाची. वाळूच्या डंपरांनी काठ इतके फोडले आहेत की माझ्या लहानपणीचे दोन उतार आता उरलेले नाहीत. ज्यांचा वाळूशी संबंध आहे अशांत आपलेही काही बांधव आहेत, त्यांना हे वाचून राग आला तरी चालेल. तिसरी वाट रानाची. चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर पाटणादेवी, वर पितळखोऱ्याची लेणी, आणि सभोवती गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. ते १९८६ साली जाहीर झाले आणि सुमारे २६० चौरस किलोमीटरचे आहे. 'औट्रम' हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे. त्याने १८२५ च्या सुमारास धरणगावात भिल्लांची पलटण उभी केली होती. त्या रानात बिबट्या आहे. २०२१ मध्ये तर टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत तिथे आला. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालायचे नाही, हा कायदा आहे, आणि कोणी गाईड म्हणून पैसे घेऊन गुपचूप नेत असेल तर त्याच्या धंद्यात आपण उतरू नये.

नदीखोऱ्यातल्या धंद्याची दुसरीही बाजू आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावला तितूर आणि डोंगरी या नद्यांचा पूर बाजारपेठेत शिरला. कापडाच्या व्यापाऱ्याला भिजलेल्या ठाणाचा वास काय असतो ते सांगायला नको. त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या. म्हणून ज्याला या वाटांवर पोट भरायचे आहे त्याने आषाढ ते भाद्रपद हिशेबातच धरू नये, आणि वैशाखाचे ऊनही नाही. उरतात तेवढेच महिने. एवढ्यावर घर चालत नाही. जोडधंदा मात्र चालतो.

परदेशातला एक दाखला उपयोगी आहे. ब्रिटनच्या वेल्स भागात 'कोएद अ ब्रेनिन', म्हणजे राजाचे रान, या सरकारी जंगलात १९९० च्या दशकात खास सायकलीसाठी वाटा आखल्या गेल्या. लांबून लोक येऊ लागले, आसपास मुक्काम, खाणे, दुरुस्ती यांना गिऱ्हाईक मिळाले. पण तिथले सरकारी उपाहारगृह मार्च २०२५ अखेर खात्याने बंद केले. वाटा राहिल्या. मला यातून एवढेच दिसते की वाट आखण्यात पैसा नाही आणि चहाच्या मोठ्या हॉटेलातही नाही. सायकल बिघडलेला माणूस ज्याच्या दारात येतो त्याच्याकडे थोडा पैसा आहे.

मी हे पुस्तकी बोलत नाही, एकदा हात पोळून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या घाऊक विक्रेत्याकडून मी गिअरच्या बारा सायकली उचलल्या. रंग झकास, गिअर एकवीस, भाव स्वस्त. कॉलेजच्या पोरांना विकल्या. पहिल्याच पावसाळ्यात गिअरचे दाते घासले, साखळ्या उड्या मारू लागल्या, आणि पोरांचे बाप माझ्या कापडाच्या दुकानात उभे राहू लागले. विक्रेत्याने फोन घेणे बंद केले. सात सायकली मी परत घेतल्या, पैसे दिले. दुकानाचे नाव राहिले, रक्कम गेली. चूक माझी होती. कापड मी बोटात धरून सांगतो किती दिवस टिकेल, सायकल मला बोटात धरता येत नव्हती आणि ज्याला येत होती त्या मिस्त्रीभाईंना मी विचारलेच नाही.

या वेळी आधी त्यांना विचारले. ते म्हणाले, सायकली विकायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या. तेलाच्या ब्रेकचे सामान, गिअरची दांडी सरळ करण्याचे माप, चार प्रकारच्या साखळ्यांच्या कड्या, काही ट्यूब आणि तो चीक. एवढ्यावर सुरुवात होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा आधार आहे. माझ्या कापडाच्या बाजूने एक काम निघाले. त्या मंडळींच्या फ्रेमच्या त्रिकोणात बसणाऱ्या पिशव्या जाड कॅनव्हासच्या असतात. आमचा शिंपी तशी पिशवी अर्ध्या दिवसात शिवतो. दोन नमुने नाशिकला पाठवले; एकाची चेन लहान पडते म्हणून तक्रार आली, दुसऱ्याच्या सहा मागवल्या.

भांडवल व्याजाने काढायचे नाही हे दोघांचेही मत. म्हणून मुदारबतचा कागद केला. पैसा माझा, हात त्यांचे, नफा ठरल्या हिश्श्याने, आणि हयगय नसताना तोटा आला तर तो रकमेवाल्याचा, मिस्त्रीची मेहनत तेवढी फुकट गेली असे समजायचे. पुष्कळ बांधव भागीदारी करतात आणि तोटा मात्र कारागिरावर टाकतात, ती मुदारबत नव्हे. हिस्सा किती यावर आमची दोन दिवस घासाघीस झाली. मी निम्मा-निम्मा म्हणत होतो. ते म्हणाले, "शेठ, तुमचे पैसे रात्री झोपतात, माझी बोटे झोपत नाहीत." साठ त्यांचे, चाळीस माझे, असे ठरले.

कागदावर अंगठ्याऐवजी सही करताना त्यांनी शेवटी एक ओळ वाढवायला लावली. जुम्याच्या दिवशी बारा ते दोन टपरी बंद राहील, मग दारात पंच्याऐंशी हजारांची सायकल उभी असो की शाळेच्या पोरीची. ब्रेकचे सामान पुढच्या आठवड्यात येते आहे.