जिवंत पानांचे स्थलांतर : फ्लॅश साठवणीतील विलगतेचा प्रश्न

संज्ञा ज्या क्रियेला चिकटते तिचे स्वरूप ती उलगडून दाखवतेच असे नाही. पुष्कळदा ते झाकूनही टाकते. संगणकशास्त्रातील ‘कचरा-संकलन’ ही संज्ञा या दुसऱ्या जातीची होय. तिच्यामागील कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प या संगणकभाषेसंबंधीच्या निबंधात मांडली, आणि कालांतराने एसएसडी या साठवणयंत्राच्या संदर्भातही ती रूढ झाली. तथापि या यंत्रात कचरा दूर करणे हे काम तुलनेने सोपे असते. कष्टाचे काम असते ते जे कचरा नव्हे ते उचलून अन्यत्र नेण्याचे. हे स्थलांतर कोणत्या शिस्तीने होते यावर यंत्राचे आयुष्य बव्हंशी अवलंबून राहते. ग्रंथ आणि कोश अशा यंत्रांवर साठवले जात असताना साहित्याच्या अभ्यासकानेही हा व्यवहार समजून घेणे अगत्याचे आहे.

एसएसडीचा आधार म्हणजे फ्लॅश स्मृती. जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात विकसित केली. या स्मृतीत लेखनाचे एकक ‘पान’ हे असून त्यावर काही किलोबाइट मजकूर मावतो; अशा शेकडो पानांचा मिळून एक ‘ब्लॉक’ होतो. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आणि पुसायचे झाल्यास एकटे पान पुसता येत नाही. संपूर्ण ब्लॉकच पुसावा लागतो. म्हणून एखादा मजकूर बदलला की त्याची नवी प्रत दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहिली जाते, जुने पान बाद ठरते, आणि कोणता मजकूर कोठे आहे याची नोंद एका तक्त्यात बदलली जाते. कोरी पाने संपत आली म्हणजे यंत्र एक ब्लॉक निवडते, त्यातील अद्याप उपयुक्त अशी जिवंत पाने दुसऱ्या ब्लॉकात उतरवते आणि मग जुना ब्लॉक पुसते. ब्लॉक किती वेळा पुसता येईल याला मर्यादा असते. पेशीत एकच बिट साठवणाऱ्या प्रकारात ती सुमारे १ लाख होती. एका पेशीत तीन बिट कोंबणाऱ्या प्रकारात ती काही हजारांवर आली आहे.

येथे गणिताचा थोडा आश्रय घ्यावा लागेल. १०० पानांच्या ब्लॉकात ८० पाने जिवंत असतील, तर २० पानांची नवी जागा मिळवण्यासाठी ८० पाने पुन्हा लिहावी लागतात. म्हणजे २० पानांच्या मजकुरासाठी यंत्र १०० पाने लिहिते. तेथे १० च पाने जिवंत असती, तर ९० पानांसाठी १०० पानांचे लेखन पुरले असते. अर्थात झीज ठरते ती ब्लॉकात जिवंत आणि बाद पाने कशी मिसळलेली आहेत यावरून. वारंवार बदलणारी अनुक्रमणिका आणि क्वचितच बदलणारा मूळ ग्रंथ चार ब्लॉकांत निम्मे-निम्मे लिहिले, तर अनुक्रमणिका बदलल्यावर प्रत्येक ब्लॉकात ५० पाने जिवंत उरतात आणि चारही ब्लॉक मोकळे करण्यासाठी २०० पाने हलवावी लागतात. तेच मजकूर दोन-दोन ब्लॉकांत वेगळे ठेवले, तर अनुक्रमणिकेचे दोन ब्लॉक एकही पान न हलवता पुसता येतात. दोन्ही मार्गांनी निव्वळ जागा तेवढीच मिळते; श्रमात मात्र २०० पानांचे अंतर पडते.

या प्रश्नाची पूर्वपीठिका चुंबकीय तबकड्यांच्या काळातील आहे. बर्कली येथे मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९१ साली मांडलेल्या फाइल-व्यवस्थेत नवा मजकूर नेहमी पुढेच लिहिला जाई आणि मागील खंड साफ केले जात. १० टक्के फायलींवर ९० टक्के लेखन होते असे धरून त्यांनी प्रतिरूप-प्रयोग केला. लेखन असे एकवटल्यावर सफाई स्वस्त होईल ही अपेक्षा होती. पण सर्वांत रिकामा खंड आधी साफ करण्याच्या पद्धतीने ती महाग झाली. स्थिर मजकुराचे खंड फार सावकाश रिते होत आणि मोकळी जागा दीर्घकाळ अडवून ठेवीत. यावर त्यांनी योजलेला उपाय असा : वाचलेला मजकूर वयानुसार लावावा, आणि स्थिर खंड सुमारे ७५ टक्के भरलेला असतानाच साफ करावा, चंचल खंडाबाबत मात्र तो १५ टक्क्यांपर्यंत उतरेतो थांबावे.

एसएसडीच्या क्षेत्रात हा विचार एका पायरीने पुढे गेला. लिहितानाच मजकुराचे प्रवाह वेगळे करण्याची सोय एनव्हीएमई या मानकात २०१७ साली आली. परंतु लेखनसमयी केलेली विभागणी सफाईच्या वेळी टिकते काय, हा प्रश्न उरतोच. दोन प्रवाहांतील वाचलेली पाने सफाईत एकाच ब्लॉकात उतरवली, तर आरंभीची सारी व्यवस्था तेथेच संपुष्टात येते. त्याच मानकात २०२२ साली संमत झालेल्या ‘फ्लेक्सिबल डेटा प्लेसमेंट’ या तरतुदीत म्हणून विलगतेचे दोन प्रकार मानले आहेत. पहिल्यात मजकूर आरंभी वेगळा असतो, पण सफाईनंतर अन्य मजकुरात मिसळू शकतो. दुसऱ्यात स्थलांतरानंतरही तो आपल्याच वर्गात राहतो.

दुसरा प्रकार सदैव श्रेयस्कर, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. प्रत्येक वर्गाच्या स्थलांतरासाठी स्वतंत्र ब्लॉक उघडा ठेवावा लागतो. वर्ग वाढले की अर्धवट भरलेले ब्लॉक वाढतात आणि मोकळी जागा आटते. शिवाय सफाईतून वाचलेली पाने सर्वच दीर्घायुषी असतील, तर त्यांच्या एकत्र राहण्याने फारसे बिघडत नाही. जेथे अनेकांचा मजकूर एकाच यंत्रावर नांदतो तेथे मात्र प्रश्न न्यायाचा होतो. एकाच्या अखंड बदलांमुळे दुसऱ्याची निश्चल पाने पुनःपुन्हा हलवली जातात, आणि त्या झिजेचा भार न लिहिणाऱ्यावरही पडतो.

हस्तलिखित बाडांच्या अभ्यासकाला हा प्रश्न अगदीच अपरिचित वाटू नये. जीर्ण बाडाची नक्कल करताना निरनिराळ्या कवींच्या रचना एकापुढे एक उतरल्या की कर्तृत्वाचे घोळ निर्माण होतात. फ्लॅश स्मृतीत तसे होत नाही. तक्ता शाबूत असेतो प्रत्येक मजकुराची ओळख शाबूत राहते. येथे सरमिसळीची किंमत अर्थाला नव्हे, तर आधारद्रव्याला मोजावी लागते. साम्य आहे ते इतकेच की वर्गवारी एकदा करून भागत नाही. प्रत्येक नकलेच्या वेळी ती नव्याने राखावी लागते.