जमीन मालकाची, राखण संस्थेची

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ मध्ये चार्ल्स एलियट या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने ‘ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ ही धर्मादाय संस्था उभी राहिली. वाचनालय पुस्तकं सांभाळतं तशा निसर्गरम्य जागा लोकांसाठी सांभाळाव्यात, हे त्याचं म्हणणं.

आता तिथे जमीन विकत न घेताही राखता येते. मालक संस्थेशी केलेल्या करारानं बांधकामाचा हक्क कायमचा सोडतो, वहिवाट त्याचीच राहते आणि पुढच्या खरेदीदारालाही करार पाळावाच लागतो. कोणता तुकडा आधी, हे ओढे आणि जंगलपट्टे नकाशावर जोडून ठरतं.

खरं जिकिरीचं काम त्यानंतरचं. दरवर्षी हद्दीवरून फिरायचं, करारावेळच्या फोटोंशी ताडून पाहायचं: नवी शेड, तोडलेली झाडं, सरकलेलं कुंपण. मालक बदलला, की नव्या मालकाला तोच करार पहिल्यापासून समजावायचा.